लाईट गेली तरी डाव मोडू नये : रोल-प्लेइंग खेळासाठी सॉफ्टवेअर निवडताना

चांदूर बाजार तालुक्यातल्या आमच्या गावात शनिवारी रात्री कृषी केंद्राच्या गोदामात उजेड दिसला, की लोक समजून जातात, फाशांची मंडळी जमली. खताच्या पोत्यांवर प्लायवूडची फळी टाकली की आमचे टेबल तयार होते. खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला आणि अशा सगळ्या खेळांची सुरुवात तिथून झाली. यात पट असलाच पाहिजे असे नाही. एक सूत्रधार प्रसंग उभा करतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते सांगतात, आणि जिथे निकाल दोन्हीकडे जाऊ शकतो तिथे फासा पडतो. आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायचे, तर हा खेळ सापशिडीपेक्षा दंडारीच्या लोकनाट्याला जवळचा आहे.

मी त्या कृषी केंद्रात हिशेब लिहितो आणि गेली पाच वर्षे सूत्रधाराचे काम करतो. आम्ही एकूण सहा जण आहोत. चौघे गावात राहतात, एक अमरावतीला वसतिगृहात आणि एक पुण्याला नोकरीवर असतो. या पाच वर्षांत मी सॉफ्टवेअरवर बराच वेळ आणि थोडा पैसाही वाया घालवला. याचे मुख्य कारण असे, की या विषयावरचे जे सल्ले वाचायला मिळतात, ते प्रत्येक खेळाडूकडे लॅपटॉप आहे आणि इंटरनेट कधी तुटत नाही असे धरून दिलेले असतात. आपले गणित उलट बाजूने मांडावे लागते. टेबलावरच्या सर्वांत साध्या मोबाईलवर जे सॉफ्टवेअर अडते, ते कितीही नावाजलेले असले तरी आपल्या उपयोगाचे नाही.

आधी जवळ काय असावे

- एक लॅपटॉप. रॅम ८ जीबी असल्यास उत्तम. ब्राउझरमधल्या साध्या साधनांना ४ जीबीही पुरते.
- हॉटस्पॉट सुरू करता येईल असा एक फोन, आणि प्रत्येक खेळाडूच्या फोनमध्ये अद्ययावत क्रोम.
- सात फाशांचा किमान एक संच : ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचा प्रत्येकी एक, आणि १० बाजूंचे दोन.
- चौकडीची वही, पेन्सिल, खोडरबर.
- एक पेन ड्राइव्ह, एक्स्टेंशन बोर्ड आणि चार्ज केलेली पॉवर बँक.
- खाती उघडण्यासाठी एक ईमेल. खरेदी करायची असेल तरच परदेशी व्यवहार सुरू असलेले कार्ड.

१. आधी मंडळींची आणि मोबाईलची मोजदाद करा

कोणतेही सॉफ्टवेअर उघडून पाहण्यापूर्वी वहीच्या एका पानावर तक्ता आखा. प्रत्येक खेळाडूसमोर पाच गोष्टी लिहा : तो कुठून खेळणार, फोनची रॅम किती, फोनमध्ये जागा किती शिल्लक आहे, दिवसाला किती डेटा मिळतो, आणि जिथे बसून खेळणार तिथे त्याच्या सिमला रेंज येते का. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. आमच्या गोदामात टिनाच्या छपराखाली एका कंपनीची रेंज फक्त शटरजवळ येते. ते कळण्यापूर्वी आम्ही तीन शनिवार सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या होत्या.

याच पानावर लाईटच्या वेळाही लिहा. शेतीपंपाच्या विजेची पाळी कधी दिवसा असते, कधी रात्री. रब्बीत ज्याचे ओलित रात्रीच्या पाळीत येते, तो खेळाडू साडेअकराला उठून वावरात जाणार हे गृहीत धरावे. आमच्यातला एक जण हरभऱ्याला पाणी लावायला गेला, की त्याचे पात्र तेवढा वेळ कोण चालवणार, त्याची शीट (पात्राची सगळी माहिती लिहिलेले पान) कोणाला उघडता येणार, हा प्रश्न शेवटी सॉफ्टवेअरपाशीच येतो. ज्या साधनात एकाची शीट दुसऱ्याला उघडता येत नाही, ते आमच्यासाठी तिथेच बाद झाले.

२. कोणते काम यंत्राला द्यायचे ते ठरवा

खेळ चालवताना सूत्रधाराच्या डोक्यावर साधारण सात-आठ कामे असतात : फासे, पात्रांच्या शीट, नियम शोधणे, कथेच्या नोंदी, नकाशा, लढाईतला क्रम, दूरच्या खेळाडूशी बोलणे, आणि हौस असेल तर पार्श्वध्वनी. नवखा सूत्रधार ही सगळी कामे एकाच सॉफ्टवेअरला देऊ पाहतो आणि मग पूर्ण संध्याकाळ कोणत्या खिडकीत काय आहे ते शोधण्यात जाते. माझा सल्ला असा आहे, की पहिले चार-पाच डाव पूर्ण कागदावर खेळा आणि दर डावानंतर तुमचा सर्वांत जास्त वेळ कशात गेला ते एका ओळीत लिहून ठेवा. जी दोन कामे पुन्हा पुन्हा लिहिली जातील, तेवढीच यंत्राला द्या.

लढाईत कोणाची पाळी कधी, हे काम मी तीन वेगवेगळ्या अ‍ॅपना देऊन पाहिले आणि शेवटी कपड्यांच्या चिमट्यांवर आलो. प्रत्येक चिमट्यावर एकेका पात्राचे नाव लिहिलेले असते, ते पुठ्ठ्याच्या कडेला क्रमाने लावायचे, आणि कोणी मेला की चिमटा काढून घ्यायचा. सगळ्यांना तो लांबून दिसतो आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

३. फासे

समोरासमोर खेळत असाल तर खरेच फासे टाका. फळीवर वीस बाजूंचा फासा घरंगळत असताना सहा माणसे श्वास रोखून बसतात, ती गंमत बटण दाबून येत नाही. दूरचा खेळाडू असेल तर डिस्कॉर्डवर (गटाने बोलण्याचे अ‍ॅप) फासे टाकणारा बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम, जोडावा. त्याला किती फासे, किती बाजूंचे आणि वर किती मिळवायचे ते टाइप करून द्यावे लागते आणि निकाल सगळ्यांना एकाच वेळी दिसतो. फासे परगावाहून येईपर्यंत काय करावे, असे विचाराल तर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून काढा. फक्त प्रत्येक वेळी काढलेली चिठ्ठी परत टाकायला विसरू नका, नाहीतर आकडे उरतील तशी शक्यता बदलत जाते.

४. नियम, शीट आणि मराठी अक्षरांचा घोळ

नियमांची मोठमोठी पुस्तके फुकट मिळवून देतो म्हणणाऱ्या टेलिग्राम गटांच्या नादी लागू नका. त्याची गरजही नाही. खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम एसआरडी ५.१ या नावाने जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुले झाले आहेत. मूळ स्रोताचा उल्लेख केला, की ते उतरवून घेता येतात, छापता येतात आणि त्यांचे भाषांतरही करता येते. आम्ही लागतील तेवढी पाने मराठीत केली. पात्राचे सहा गुण आमच्याकडे बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे आहेत. ‘छाप’ या शब्दावर दोन शनिवार वाद झाला, पण आता तोच तोंडी बसला आहे.

शीटसाठी गूगल शीट्स पुरेसे आहे. प्रत्येक पात्राला एक पान द्या, सगळ्यांना पाहण्याची आणि बदलण्याची मुभा द्या, आणि सूत्रधाराच्या लॅपटॉपवर ही फाइल ऑफलाइन उपलब्ध राहील अशी खूण करून ठेवा. गुणावरून मिळणारा फेरफार (फाशाच्या आकड्यात मिळवायचा किंवा त्यातून वजा करायचा आकडा) काढताना गुणातून दहा वजा करून उरलेल्याला दोनाने भागायचे आणि उत्तर नेहमी खालच्या पूर्णांकाकडे न्यायचे असते. १५ गुणांना +२ मिळतात, ८ गुणांना −१. फसगत होते ती ९ गुणांपाशी : अपूर्णांक नुसता छाटणारे सूत्र घातले तर उत्तर शून्य येते, प्रत्यक्षात ते −१ असते. सूत्र घालून झाले की एखाद्या खान्यात ९ टाकून पाहा.

तयार मिळणाऱ्या पीडीएफ शीटमध्ये मराठी भरू नका. अशा पुष्कळ फॉर्मच्या खान्यांना ठरलेला इंग्रजी वळणाचा फॉन्ट जोडलेला असतो. त्यात नाव लिहिले, की वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे जाते, किंवा सगळेच चौकोन दिसतात. त्याहून मोठा घोळ जुन्या फॉन्टचा. माझ्या पहिल्या मोहिमेची (अनेक डाव चालणाऱ्या कथेची) चौदा पाने मी तालुक्याच्या एका टायपिंग सेंटरमधून टाइप करून आणली. तिथे त्यांच्या संगणकावर ती सुबक दिसली आणि छापूनही छान आली, पण घरी ब्राउझरमध्ये चिकटवल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला झाला. कारण ती कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. त्यात ‘क’ हे अक्षर साठवलेलेच नसते, एखादे इंग्रजी अक्षर क सारखे काढलेले असते. टाइप करून घेणार असाल तर ‘युनिकोडमध्ये द्या’ असे आधीच सांगा आणि पैसे देण्यापूर्वी एक परिच्छेद स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून पाहा. तिथे मराठी दिसली तर सगळीकडे दिसेल.

कथेच्या नोंदींसाठी मी ऑब्सिडियन वापरतो. ते फुकट आहे, नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींच्या रूपात तुमच्याच लॅपटॉपवर राहतात आणि इंटरनेट लागत नाही. एका नोंदीतून दुसरीकडे दुवा देता येतो, त्यामुळे ‘गाविलगडाचा किल्लेदार’ यावर टिचकी मारली, की त्याचे वैरी, त्याचे कर्ज आणि खेळाडूंनी त्याला दिलेला शब्द, सगळे समोर येते. खेळाडूंनी दिलेले शब्द लिहून ठेवणे हे सूत्रधाराचे अर्धे काम आहे, कारण ते स्वतः हमखास विसरतात.

५. नकाशा

घाई नसेल तर चौकडीच्या वहीत नकाशा काढा आणि सरळ वरून त्याचा फोटो घ्या. संगणकावरच काढायचा असेल तर डंजन स्क्रॉल हे ब्राउझरमधले साधन शिकायला तासभर पुरतो, आणि आख्खा प्रदेश हवा असेल तर अझगारचे नकाशा-यंत्र नद्या, डोंगर, राज्ये असा पूर्ण मुलूख एका झटक्यात तयार करून देते. आम्ही मात्र आपलाच मुलूख घेतला : मेळघाटचा चढ, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड, त्याची तळी आणि दरवाजे. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. आमच्या मोहिमेत ती फौज अजून डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि खेळाडू आत अडकले आहेत.

इथे एक हिशेब नीट समजून घ्यावा, कारण साध्या मोबाईलवर डाव अडतो तो बहुतेक वेळा इथेच. ३० बाय २० चौकोनांचा नकाशा प्रत्येक चौकोनाला १४० पिक्सेल धरून काढला, तर चित्र ४२०० बाय २८०० पिक्सेलचे होते. जेपीजी फाइल म्हणून ते दोन-तीन एमबीचे दिसेल, पण फोनवर उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला चार बाइट या हिशेबाने ते स्मृतीत सुमारे ४७ एमबी जागा घेते. चौकोनाला ७० पिक्सेल ठेवले, तर तोच नकाशा २१०० बाय १४०० होतो आणि जागा १२ एमबीच्या आत येते. लांबी-रुंदी निम्मी, भार पाव. सहा इंची पडद्यावर दोन्हींतला फरक कोणालाही ओळखता येत नाही, हे मी खेळाडूंना न सांगता करून पाहिले आहे.

नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला, की तो दाबून लहान केला जातो आणि चौकडीच्या बारीक रेघा पुसट होतात.

६. आभासी टेबल : तिघांतून एक

नकाशा, सोंगट्या, फासे आणि शीट एकाच ठिकाणी आणणाऱ्या सॉफ्टवेअरला आभासी टेबल म्हणता येईल. बाजारात ती बरीच आहेत, पण नवख्याने तीनच पाहावीत असे माझे मत आहे.

आउलबेअर रोडिओ हे सर्वांत हलके. ब्राउझरमध्ये उघडते, खाते फक्त सूत्रधाराला लागते, खेळाडू दुव्यावर टिचकी मारून आत येतात. नकाशा टाका, सोंगट्या ठेवा, न पाहिलेला भाग धुक्याने झाका. याहून जास्त फारसे काही नाही, आणि तीच त्याची थोरवी. फुकटच्या खात्यात छोट्या मोहिमेचे भागते. सुरुवात इथूनच करा.

रोल ट्वेंटी २०१२ पासून आहे आणि तेही ब्राउझरमध्येच चालते. त्यात शीट, नियम, फासे सगळे एकत्र मिळते. खुले नियम आतच शोधता येतात. पण भिंतीआडचे आपोआप लपवणारी प्रकाशयोजना पैसे भरणाऱ्यांसाठी आहे, आणि मोबाईलवर त्याचे नकाशे जडच जातात. मुख्य म्हणजे तुमचा खेळ त्यांच्या सर्व्हरवर असतो, त्यामुळे इंटरनेट गेले की टेबलच उचलले गेले असे समजा. ज्या गटात सगळे लांबलांब आहेत आणि प्रत्येकाकडे लॅपटॉप आहे, त्यांच्यासाठी मी ते निःसंकोच सुचवीन.

फाउंड्री हे २०२० साली बाजारात आले आणि त्याची चाल वेगळी आहे. ते तुम्ही आपल्या लॅपटॉपवर बसवता, तुमचाच लॅपटॉप सर्व्हर होतो, आणि खेळाडू आपापल्या ब्राउझरमधून त्याला जोडले जातात. परवाना एकदाच घ्यायचा, तोही फक्त सूत्रधाराने. खेळाडूंना पैसे पडत नाहीत आणि दरमहा काही भरावे लागत नाही. माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट ही, की एकदा बसवून झाल्यावर गोदामातल्या गोदामात खेळायला इंटरनेट लागत नाही. त्याचा दोष असा, की मोबाईलच्या लहान पडद्यासाठी ते बनवलेले नाही. म्हणून आम्ही नकाशा लॅपटॉपवरच ठेवतो, लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा युरियाच्या दोन पोत्यांवर चढवतो, आणि मोबाईलवर खेळाडू फक्त आपली शीट उघडतात.

मॅपटूल नावाचे एक जुने, मुक्त आणि पूर्ण फुकट सॉफ्टवेअरही आहे. ते चांगले आहे. पण ते प्रत्येक खेळाडूला आपापल्या संगणकावर बसवावे लागते, म्हणजे आमच्यासारख्यांचा विषय संपला.

७. इंटरनेट नसताना जोडणी

हा भाग सावकाश वाचा. पहिल्यांदा करताना माझे पूर्ण दोन तास गेले होते.

एका फोनचा हॉटस्पॉट सुरू करा. त्या फोनचा मोबाईल डेटा बंद असला तरी चालतो, कारण इथे आपल्याला इंटरनेट नको आहे, फक्त सगळ्यांना एका दोरीत ओवायचे आहे. लॅपटॉप त्या हॉटस्पॉटला जोडा, मग फाउंड्री सुरू करा. त्यातच खेळाडूंना द्यायचे दोन पत्ते दिसतात, एक स्थानिक आणि एक इंटरनेटचा. स्थानिक पत्ता घ्या. त्यात टिंबांनी तोडलेले चार आकडे, मग कोलन आणि शेवटी ३०००० असते. खेळाडूंचे फोन त्याच हॉटस्पॉटला जोडून क्रोममध्ये तो पत्ता टाइप करायला सांगा. हॉटस्पॉट बंद करून पुन्हा सुरू केला तर हा पत्ता बदलू शकतो, म्हणून तो दर वेळी नव्याने पाहावा.

यात दोन अडचणी हमखास येतात. पहिली विंडोजची : फाउंड्री पहिल्यांदा उघडल्यावर फायरवॉल (बाहेरची जोडणी अडवणारा विंडोजचा पहारेकरी) परवानगी विचारतो आणि घाईत आपण ‘रद्द’ दाबतो. मग लॅपटॉपवर सगळे व्यवस्थित चालते, पण एकाही फोनवर पान उघडत नाही. फायरवॉलच्या सेटिंगमध्ये जाऊन खासगी नेटवर्कसाठी परवानगी द्या, आणि हॉटस्पॉटची जोडणी ‘खासगी’ म्हणूनच नोंदलेली आहे ना, तेही पाहा.

दुसरी अडचण फोनची, आणि ती जास्त फसवी आहे. ‘दादा, माह्या मोबाईलवर तं नुसतं गोल गोल फिरून राह्यलं,’ असे आमच्यातल्या एकाने सांगितले आणि मी पाऊण तास लॅपटॉपमध्ये दोष शोधत बसलो. झाले असे होते, की हॉटस्पॉटवर इंटरनेट नाही हे ओळखून त्याचा फोन गुपचूप स्वतःच्या मोबाईल डेटावर गेला होता, आणि त्या वाटेने माझा लॅपटॉप त्याला सापडणे शक्यच नव्हते. खेळाडूंना मोबाईल डेटा बंद करायला सांगा, किंवा ‘या वाय-फायवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का’ असे फोन विचारेल तेव्हा ‘हो’ म्हणायला सांगा.

लाईट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर किती वेळ टिकतो, हे एका दुपारी पडद्याचा उजेड कमी करून खरोखर मोजा. माझा जुना लॅपटॉप चाळीस मिनिटे चालतो, म्हणून लाईट गेली की पंचविसाव्या मिनिटाला मी सगळ्यांच्या प्राणांचे (पात्रात किती जीव उरला त्याचे) आकडे वहीत उतरवतो आणि पुढे कागदावर खेळ सुरू ठेवतो.

८. दूरचा खेळाडू

पुण्याचा आणि अमरावतीचा खेळाडू यांना आम्ही डिस्कॉर्डवर आवाजाने जोडतो, चित्राने नाही. तिथे आवाजाच्या खोलीचा ठरलेला वेग ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) असतो. म्हणजे सतत कोणीतरी एक जण बोलत राहिला असे धरले, तरी तीन तासांच्या डावात ऐकणाऱ्याचा डेटा ८६ एमबीच्या आसपास जातो. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये तो सहज बसतो. व्हिडिओ सुरू केला तर हा हिशेब उरत नाही.

गोदामातल्या एकाच फोनने या खोलीत जावे. एका जागी बसलेल्या दोघांनी फोन जोडले, की आवाज घुमायला लागतो आणि पलीकडच्याला काही कळत नाही. हा फोन हॉटस्पॉटच्या फोनपेक्षा वेगळा आणि स्वतःच्या डेटावर असावा. तो फळीवर नुसता ठेवू नका, खाली बारदान्याची चौपदरी घडी घाला. आम्ही फासे थेट प्लायवूडवर टाकायचो तेव्हा पुण्याच्या गड्याला प्रत्येक फासा सुतळी बॉम्बसारखा ऐकू यायचा. आता फासेही बारदान्यावरच पडतात.

दूरच्या खेळाडूला तुमच्या लॅपटॉपवरच्या फाउंड्रीत आणायचे असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडण्याची जी कृती सगळीकडे दिलेली असते, ती मोबाईलच्या सिमवर चालणार नाही. मोबाईल कंपन्या पुष्कळ ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे बाहेरून तुमच्या लॅपटॉपपर्यंत सरळ वाटच नसते. त्याऐवजी क्लाउडफ्लेअर टनेल किंवा टेलस्केल यांसारखे साधन वापरावे लागते. यात लॅपटॉप स्वतः बाहेर जोडणी करतो आणि त्याच वाटेने खेळाडू आत येतो. टेलस्केल नेहमीच्या पद्धतीने वापरायचे तर खेळाडूलाही ते आपल्याकडे बसवावे लागते. क्लाउडफ्लेअरमध्ये त्याला फक्त दुवा पुरतो. आम्ही मात्र बहुतेक वेळा हा खटाटोप करत नाही. नकाशाचा फोटो पाठवतो आणि ‘तुझी सोंगटी विहिरीजवळ, दरवाजापासून चार चौकोन’ असे तोंडाने सांगतो.

९. पैसे भरण्यापूर्वी

फाउंड्रीची किंमत ५० डॉलर आहे. त्यावर कर आणि तुमच्या बँकेचा परदेशी व्यवहाराचा आकार येतो, म्हणून रुपयांचा आकडा आधी बँकेच्या दराने काढून घ्या. आम्ही सहा जणांनी वर्गणी केली.

तुमचे कार्ड २०२० नंतर मिळालेले असेल तर त्यावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मुळातच बंद असण्याची शक्यता धरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते ग्राहकाने स्वतः सुरू करायचे असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन परदेशी व्यवहार सुरू करा, मर्यादा खरेदीपुरतीच ठेवा, आणि पैसे गेल्यावर त्याच दिवशी पुन्हा बंद करा.

दरमहा किंवा दरवर्षी आपोआप पैसे कापून घेणाऱ्या योजनेत पहिल्या सहा महिन्यांत तरी पडू नका. मी एका सेवेची वर्षाची वर्गणी एकदम भरली होती. त्या वर्षी सोयाबीन काढणीचे दोन महिने, नंतर दिवाळी, मग एकाचे लग्न, असे करत आमचे अकराच डाव झाले, आणि त्यातल्या चार रात्री इंटरनेट नव्हते. आपल्या भागात खेळाचे वर्ष हंगामावर चालते, त्यामुळे एकदाच पैसे देऊन कायमचे मिळणारे साधन परवडते.

१०. रिकामा डाव खेळून पाहा

खऱ्या मोहिमेच्या आधी एक संध्याकाळ फक्त चाचणीसाठी ठेवा. कथा नको. एक खोली, दोन उंदीर, सगळे खेळाडू, प्रत्येकाचा स्वतःचाच फोन. वीस मिनिटे खेळल्यावर कोणालाही न सांगता घरातला मेन स्विच बंद करा आणि काय काय बंद पडते ते पाहत वहीत लिहा. फायबरचा राउटर असेल तर तोही पडेल. त्याच्यासाठी लहान यूपीएस मिळतो, मात्र राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट पाहूनच तो घ्यावा.

चाचणी संपली की फाउंड्रीचे डेटा फोल्डर आणि ऑब्सिडियनचे फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा, आणि हे काम प्रत्येक डावानंतर करा. फाउंड्री बंद करूनच नक्कल घ्यावी, नाहीतर अर्धवट लिहिलेल्या फाइली उतरतात. माझा पेन ड्राइव्ह सुतळीने चिमट्यांच्या पिशवीला बांधलेला असतो, आणि त्याच पिशवीत सगळ्या शीटची आणि चालू नकाशाची एक छापील प्रत घडी करून ठेवलेली असते. मागच्या शनिवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली ती पहाटेच आली, आणि त्या रात्री गाविलगडाचा उत्तरेचा दरवाजा आम्ही त्याच घडीच्या कागदावर, मोबाईलच्या टॉर्चखाली लढवला.